उगवतीकडचं बटण

टीव्हीवरच्या खेळाचं पुस्तक मी हातानं लिहिलं आणि दाभणानं शिवलं, हे आमच्या भावकीत अजून कुणाला खरं वाटत नाही. म्हातारीला काय उद्योग नाही, असं म्हणतात. उद्योग होता. थोरल्या जाऊबाईंचा उजवा हात परत आणायचा होता.

आधी त्या हाताचं सांगते, मग पुस्तकाचं.

जाऊबाईंना मी अक्का म्हणते. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. दोघींचेही मालक गेले, आता आम्ही दोघी माझ्या मुला-सुनेजवळ एकाच घरात राहतो, माकणीच्या धरणापासून जवळच गाव आहे आमचं. संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. सकाळी अक्कांच्या हातातून पाण्याचा तांब्या पडला. उचलायला वाकल्या तर बोटं ऐकेनात. तोंडही जरा वाकडं झालं होतं, एक पायही ओढत होता. तोंड महिन्यात सरळ झालं, पाय चालता झाला, पण उजवा हात तसाच राहिला. बोटं आत वळलेली, अंगठा तळहाताला चिकटलेला.

धाराशिवला दवाखान्यात नेलं. आमच्या तोंडी अजून उस्मानाबादच येतं, असो. तिथं हाताचे व्यायाम घेणाऱ्या एक बाई आहेत, पोरसवदा, पण बोलणं चोख. त्या म्हणाल्या, "आजी, हे पुढचे सहा-आठ महिने महत्त्वाचे. बोटांना काम दिलं तर बोटं येतील. नाही दिलं तर मूठ अशीच मिटून बसेल, मग माझ्या हातात काही नाही." आणि एक रबरी चेंडू दिला. दिवसातून चार वेळा दाबायचा.

अक्कांनी तो दोन दिवस दाबला. तिसऱ्या दिवशी दारातल्या कुत्र्यापुढं टाकला.

"अक्का, अहो, दवाखान्यातला चेंडू आहे तो."

"मग? दाबायचा आन् सोडायचा, दाबायचा आन् सोडायचा. लिंबू असतं तर रस तरी निघाला असता."

मी कपाळावर हात मारला, पण त्यांचं म्हणणं मला पटलंही होतं. जन्मभर ज्या बाईनं हाताला एकही रिकामं काम लावलं नाही, तिला रबर दाबायला सांगून कसं चालेल?

खरी अडचण जेवणाची होती. अक्का आमच्यात जेवायला बसेनात. "तुम्ही घ्या बसून, मला आत्ता भूक न्हाय," हे ठरलेलं वाक्य. एकदा सगळ्यांची जेवणं झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेले, तर अक्का भिंतीकडं तोंड करून बसलेल्या आणि डाव्या हातानं घास घेत होत्या. पाठीवरून पदर पुढं ओढून ताट झाकलेलं, कुणी बघू नये म्हणून. मी आल्या पावली मागं फिरले. त्यांना कळू दिलं नाही, आजवर बोललेही नाही. पण त्या दिवशी मनाशी धरलं, की ह्या बाईनं पंगतीत बसून उजव्या हातानं भाकरी मोडली पाहिजे. कसं, ते मला माहीत नव्हतं.

मे महिन्यात नात आली सुट्टीला. माझ्या मुलाची मुलगी, लातूरला शिकते. येताना टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र घेऊन आली. कुठल्या मैत्रिणीनं नवीन घेतलं म्हणून जुनं हिला दिलं. दुपारभर त्याच्यापुढं बसायची. अक्का आधी नाक मुरडायच्या, मग खाटेवरून नुसत्या बघायच्या, मग सल्ले द्यायला लागल्या.

खेळ होडीचा होता. नदीतून होडी आपोआप पुढं जाते. दोन्ही काठांवर माणसं उभी असतात, कुणाच्या डोक्यावर पाटी, कुणाच्या काखेत शेळी. दोरी टाकून त्यांना होडीत घ्यायचं आणि पुढच्या घाटावर उतरवायचं. मधे खडक आहेत, भोवरे आहेत.

"अगं ती शेळीवाली राहिली की," अक्का म्हणायच्या. "बाई कवापासून उभी हाय उन्हात."

"मोठी आजी, तुम्हीच घ्या तिला," असं म्हणून नातीनं एक दिवस हातातलं ते बटणांचं यंत्र, त्याला आम्ही रिमोटच म्हणतो, त्यांच्या मांडीवर ठेवलं. डाव्या हातात दांडी, तिनं होडी वळते. उजव्या अंगठ्याखाली चार बटणं, रांगोळीच्या चार ठिपक्यांसारखी. वरचं जोरात जायला, खालचं थांबायला, बाजूची दोन दोरी टाकायला. डावा हात दांडीत गुंतलेला, त्यामुळं उजव्याला कामाला लागण्यावाचून गत्यंतर नाही. हे मला फार आवडलं.

होडी दोनदा खडकावर आपटली. तिसऱ्यांदा शेळीवाली जवळ आली आणि अक्कांचा अंगठा तळहातापासून सुटला. सुटला म्हणजे किती, तर तांदळाच्या दाण्याएवढा. बटणावर नुसता सरकला. दोरी गेली, बाई होडीत आली. अक्कांचं लक्ष शेळीकडं होतं. माझं आणि नातीचं अंगठ्याकडं.

तेव्हापासून रोज दुपारी होडी. नात शेजारी बसून सांगायची, आता हे दाबा, आता ते दाबा. अक्का ऐकायच्या आणि वर भांडायच्याही. पण नात कायमची थोडीच राहणार होती. जूनमध्ये कॉलेज. ती गेल्यावर सांगणार कोण? अक्कांना विसरायला होतं. आजाराच्या आधीपासूनचंच आहे ते, काल सांगितलेलं आज नसतं. मला स्वतःला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मी नातीला म्हटलं, "ह्याचं पुस्तक कुठंय?"

"कसलं पुस्तक?"

"यंत्राबरोबर पुस्तक येतंच की. हे दाबल्यावर काय होतं, ते दाबल्यावर काय होतं."

आता इथं माझं थोडं सांगावं लागेल. मी शाळेत गेलेली नाही. अक्का चौथीपर्यंत शिकल्या, मी नाही. मी वाचायला शिकले ती असल्याच पुस्तकांवर. फवारणीच्या पंपाचं पुस्तक, कुकरचं, मिक्सरचं, शिलाई मशीनचं. बियाणाच्या पिशवीवरचा मजकूर. त्यात एक बरं असतं, अक्षराशेजारी चित्र असतं आणि चित्राशेजारी खरी वस्तू असते. 'झाकण' लिहिलेलं असतं, बाण झाकणाकडं गेलेला असतो आणि झाकण माझ्या हातात असतं. अक्षर चुकीचं वाचलं तर कुकरच सांगायचा. ही सगळी पुस्तकं मी एका पत्र्याच्या पेटीत ठेवली आहेत. पंप मोडून किती वर्षं झाली, पुस्तक आहे.

नातीनं खेळाचा डबा आणून दाखवला. आत बोटाएवढी चकती आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर काळ्या ठिपक्यांचा चौकोन. मी डबा उपडा करून झटकला.

"आजी, पुस्तक आता कुणी देत नाही. हा चौकोन स्कॅन केला की मोबाईलवर सगळं मॅन्युअल येतं. कागद वाया जात नाही, हवं ते शोधता येतं, अक्षर मोठं करता येतं. त्यात चूक असेल तर कंपनी तिकडून दुरुस्तही करते."

"तुझ्या लहानपणीच्या खेळात तर पुस्तक होतं. चित्रांचं. एसटीत तू मला वाचून दाखवायचीस."

"ते होतं खरं," ती म्हणाली. "खेळापेक्षा तेच जास्त वाचलं मी. पण आता नाही येत गं."

बरं, म्हटलं, मोबाईल तर मोबाईल. बघू तरी. अक्कांच्या हातात दिला. अक्षरं मुंगीएवढी. मोठी करायची तर दोन बोटं काचेवर ठेवून फाकवावी लागतात. डाव्या हातात मोबाईल धरलेला आणि उजव्याची बोटं तर फाकत नाहीत, तीच फाकावीत म्हणून तर सगळं चाललंय. मी फाकवून दिली. अक्का चष्मा लावून अर्धी ओळ वाचतात तोवर काचेचा उजेड गेला. परत लावला. तेवढ्यात बियाणाच्या दुकानदाराचा फोन आला, पान गेलं ते गेलं. आणि भाषा इंग्रजी. नातीनं मोबाईलकडूनच मराठी करून घेतली, ती मराठी तर आमच्यापैकी कुणालाच कळेना. शिवाय तो मोबाईल मुलाचा, दिवसभर त्याच्याबरोबर रानात असतो. खेळात सुरुवातीला शिकवतात म्हणे. शिकवतात, पण पाटी येते आणि आपण चष्मा पुसेपर्यंत जाते.

"ह्याच्यापरीस चेंडू बरा होता," अक्का म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या.

मी नातीला म्हटलं, "तू वाच आणि मला सोप्या मराठीत सांग. मी लिहिते."

"सगळं? आजी, साठ पानं आहेत."

"तुझ्या जायला अजून बारा दिवस आहेत."

बसलो आम्ही. रोज सकाळी स्वयंपाक झाला की नात तिचा मोबाईल घेऊन आणि मी रेघांची वही घेऊन. ती सांगायची, मी माझ्या बोलीत करून लिहायचे. पुष्कळ गोष्टी काढून टाकल्या, इंटरनेटवर परक्या माणसांबरोबर कसं खेळायचं वगैरे आम्हाला काय करायचंय. रिमोटच्या चित्रासाठी नातीचा मोबाईल घेऊन लोहाऱ्याला गेले. झेरॉक्सवाल्यानं मोबाईलमधलं चित्र कागदावर काढून दिलं, मी म्हटलं अजून मोठं कर. त्यानं केलं. अजून मोठं.

"आजी, कशाचं आहे हे? मोटारीच्या स्टार्टरचं का?"

"खेळाचं."

"नातवाला का?"

"जावेला. पंच्याहत्तर वर्षांची आहे. तू कर मोठं."

मग पक्कं लिहिलं. शाळेच्या चित्रकलेचे जाड कागद आणले, म्हणजे मांडीवर पान उघडं ठेवलं तर पंख्यानं उडायचं नाही. काळ्या स्केचपेननं, एका पानावर पाच ओळी, अक्षर बाजरीच्या कणसाएवढं. गोधडीला लावतात तसा दुहेरी दोरा घेऊन दाभणानं शिवलं. त्यातलं एक पान असं होतं:

"दोरी टाकणे. उगवतीच्या काठाला माणूस दिसला तर उगवतीकडचं बटण दाबावं. मावळतीच्या काठाला दिसला तर मावळतीकडचं. घाई करू नये. दोरीला पोचायला वेळ लागतो. चुकलं तर तो माणूस पुढच्या वळणावर परत भेटतो, मनाला लावून घेऊ नये."

शेवटचं वाक्य माझं.

नात गेली. जाताना पुस्तक चाळून म्हणाली, "आजी, हे कंपनीपेक्षा बरंय." मला बरं वाटलं, लपवत नाही.

पुढचे दोन महिने ते पुस्तक चाललं. दुपारी भांडी झाली की मी टीव्ही लावून द्यायचे, अक्का मांडीवर पुस्तक ठेवायच्या, डाव्या हातानं पान उलटायच्या, वाचायच्या, मग खेळायच्या. मी तांदूळ निवडत बसायचे. त्यांना मधे बोललेलं चालायचं नाही. "वाचतीया मी. तू नगं सांगू." चुकल्या तरी स्वतः मागचं पान काढून बघायच्या. अंगठा आता बटणावरून बटणावर जायला लागला होता. चिमूट मात्र अजून होत नव्हती. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांपर्यंत पोचायचं नाही, मधे सुपारीएवढी फट राहायची. घास त्या फटीतूनच पडतो.

श्रावणात मला सोनारीला जावं लागलं. मुलीचं सासर तिकडं, तिला बरं नव्हतं. म्हटलं चार दिवसांत येते, पंधरा दिवस लागले. अक्कांना सांगून गेले होते, "पुस्तक आहे. माझ्यावाचून अडत नाही तुमचं."

परत आले तर टीव्हीचा आवाज नाही. रिमोट फडक्यात गुंडाळून फळीवर. पुस्तक कुठं दिसेना. सून म्हणाली, दहा दिवस झाले, हात नाही लावला मोठ्या आत्यांनी. विचारलं तर बोलत नाहीत.

मी अक्कांच्या खाटेवर बसले. हात हातात घेतला, तर बोटं पुन्हा आत वळायला लागलेली. सहा महिने उलटून गेले होते, व्यायामाच्या बाईंनी सांगितलेलं मला पाठ होतं.

"अक्का, खेळ का सोडला?"

"तुझं पुस्तक खोटं हाय."

"खोटं कसं असेल? दोन महिने चाललं की."

"मग माझं डोकं गेलं आसंल. आधी हात, आता डोकं. गप बस तू."

आता समजलं, त्या खेळावर चिडल्या नव्हत्या. घाबरल्या होत्या. काल येत होतं ते आज येत नाही म्हणजे आजार परत आला, असं त्यांनी धरलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. दहा दिवस मनात ठेवून बसल्या होत्या बाई.

गादीखाली पुस्तकाचं टोक दिसत होतं, ते ओढून काढलं मी. "चला, मला दाखवा. कुठं खोटं आहे ते पान दाखवा. खोटं निघालं तर मी स्वतः चुलीत घालते."

"मला न्हाय जमायचं."

"नाही जमलं तर नाही. पण दाखवा. मी लिहिलंय ते, मला कळलं पाहिजे."

लई वेळ ऐकेनात. मी पण उठले नाही. प्रवासातून आलेली, तोंडसुद्धा धुतलं नव्हतं, तशीच बसून राहिले. शेवटी कंटाळून म्हणाल्या, "लाव."

टीव्ही लावायला गेले तर टीव्ही जागेवर नाही. उत्तरेच्या भिंतीला होता तो मावळतीच्या भिंतीला. सून म्हणाली, तुम्ही गेल्यावर तिकडचा बोर्ड जळाला म्हणून वायरमननं इकडं घेतला. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

होडी सुरू झाली. काठावर पाटीवाला आला. अक्कांनी पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "उगवतीकडचं बटण दाबावं." मग रिमोट जरा उचलला, पाठीमागं बोट घातलं आणि मागचं बटण दाबलं. मागं दोन लपलेली बटणं असतात, ती माणसं उतरवायची. भर धारेत होडीतली पाचही माणसं पाण्यात उतरली. शेळीसुद्धा.

"बघ," अक्का म्हणाल्या. "बुडवली का न्हाय समदी?"

"पण अक्का, मागचं कशाला दाबलंत?"

"उगवती कुठंय?"

मी मान वळवली. उगवती आमच्या पाठीमागं होती, म्हणून रिमोटच्याही पाठीमागचं बटण. दार तिकडंच आहे.

मला हसू फुटत होतं, पण त्यांच्या तोंडाकडं बघून गिळलं. चूक त्यांची नव्हतीच. आमच्याकडं उजवं-डावं बैलाला आणि हातापायाला. बाकी सगळं उगवती-मावळती. मीठ मावळतीच्या फळीवर असतं, खाट उगवतीकडं सरकवायची असते, एसटीत शेजारणीला सुद्धा जरा मावळतीकडं सरक म्हणतो आम्ही. नात 'उजवीकडचं' सांगत होती, मी ऐकताना ऐकत होते आणि लिहिताना 'उगवतीकडचं' लिहीत होते. टीव्ही उत्तरेला होता तोवर उजवा हात उगवतीला होता, पुस्तक खरं होतं. टीव्ही फिरला, सूर्य काही फिरला नाही.

"अक्का, तुमचं डोकं जागेवर आहे. माझं नव्हतं," मी म्हटलं आणि सगळं समजावून सांगितलं.

त्यांनी रिमोट खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे मला काय झालं न्हाय?"

"काही झालं नाही."

"दहा दिवस मी देवाला बोल लावला. खोटी तू."

नातीला फोन लावला. ती तिकडं हसून हसून बेजार. म्हणाली, "आजी, मोबाईलवर असतं तर मी इथून एका मिनिटात बदललं असतं."

"खरंय," मी म्हटलं. खरंच होतं ते, काय खोटं बोलायचं. कागदावर लिहिलेली चूक कागदावर बसून राहते, घरातली माणसं गावाला गेली तरी. माझ्या पुस्तकात उगवती आणि मावळती मिळून चाळीसच्या वर जागी होत्या. पण मोबाईलवर असतं तर अक्कांनी ते वाचलंच नसतं, हेही मी तिला सांगितलं. ती म्हणाली, हेही खरंय.

आता दुरुस्त कसं करायचं? उजवं-डावं लिहू म्हटलं तर अक्का म्हणाल्या, "उजवं कुणाचं? माझं का होडीचं? वळणावर होडी माझ्याकडं तोंड करून येती." बटणांवर इंग्रजी अक्षरं आहेत, पण काळ्यावर करडी, आमच्या चार डोळ्यांना मिळून दिसत नाहीत. विचार करता करता आरशाकडं लक्ष गेलं. आरशामागं नातीनं विसरलेली टिकल्यांची पाकिटं होती, लाल, हिरवी, पिवळी, निळी. आम्हा दोघींच्या कपाळाला टिकली नाही, वर्षं झाली. ती पाकिटं तशीच पडून होती.

"चार बटणांना चार रंग," मी म्हटलं. "आणि पुस्तकात जिथं जिथं उगवती आहे तिथं काट मारायची आणि लाल टिकली लावायची, मावळती तिथं हिरवी, वरच्या-खालच्या बटणांना पिवळी आणि निळी. टीव्ही कुठल्याही भिंतीला जाऊ दे."

मी पाकीट फोडून पहिली टिकली काढायला गेले तर अक्कांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"चूक तुझी. पण बुडवली मी. मी लावते."

"अक्का, टिकली सुटायला नखं लागतात."

"मला न्हाईत का नखं?"

उजव्या हातानं काढायची म्हणाल्या. पहिली टिकली सुटायला सगळी दुपार गेली. अंगठा टिकलीवर यायचा, बोट यायचं नाही. बोट यायचं, अंगठा निघून जायचा. घाम आला त्यांना. दोनदा पाकीट फेकलं, दोनदा मला म्हणाल्या उचलून दे. मी दिलं. दिवे लागायच्या वेळेला लाल टिकली सुटली आणि बटणाऐवजी पदराला चिकटली. तिथून काढायला आणखी वेळ. पण बटणावर लागली.

दुसऱ्या दिवशी दोन झाल्या. बटणांच्या चार पूर्ण झाल्यावर पुस्तकाला हात घातला. मी काट मारून ठेवायचे, अक्का टिकली लावायच्या. रोज तीन, मग रोज पाच. कधी वाकडी लागायची, कधी अक्षरावर बसायची. मी सरळ करायला गेले की म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे. वाचता येतंय." एखाद्या दिवशी एकही व्हायची नाही, मग मी गप पुस्तक मिटून ठेवायचे आणि सकाळी परत काढायचे. टिकल्या झाल्याशिवाय होडी लावायची नाही, हे त्यांनीच ठरवलं. शेवटच्या पानापर्यंत जायला पंधरवडा लागला.

मग धाराशिवची तारीख आली. व्यायामाच्या बाईंनी अक्कांचा हात उलटापालटा करून बघितला, बोटं एकेक करून दाबली. एक कागदाचा कपटा अंगठ्यात आणि पहिल्या बोटात दिला, म्हणाल्या, धरा, आणि ओढला. निघाला नाही. फाटला.

"आजी, घरी काय करता तुम्ही? चेंडू दाबता ना?"

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. चेंडूचं काय झालं ते सांगण्यात अर्थ नव्हता.

"टिकल्या लावते," अक्का म्हणाल्या.

"टिकल्या?"

मग मी पिशवीतून पुस्तक काढून दाखवलं. बाईंनी पानं चाळली, लाल, हिरव्या, पिवळ्या, निळ्या टिकल्या, वाकड्यातिकड्या. एक-दोन पानं वाचलीही. 'मनाला लावून घेऊ नये' पाशी थांबल्या. "अजून पूर्ण नाही आलेला हात," त्या म्हणाल्या. "पण हे थांबवू नका. जमेल तसं अवघड करत जा."

अवघड करायची वेगळी गरज नव्हती. आदल्या आठवड्यात नातीनं दुसरा खेळ पाठवला होता, बैलगाड्यांच्या शर्यतीसारखा काहीतरी, त्याचंही पुस्तक नव्हतं, चौकोनाची चिठ्ठीच होती. नातीकडून फोनवर ऐकून त्याचं लिहायचं काम मी सुरू केलं होतं, ह्या वेळी पहिल्यापासून रंगांवर. अक्का घरी आता आमच्या पंगतीत बसतात. भाकरीचा तुकडा उजव्या हातानं मोडतात, कालवणात बुडवतात, कधी तोंडापर्यंत पोचतो, कधी ताटात पडतो. पडला तर परत उचलतात. भात अजून चमच्यानं खातात.

दवाखान्यातून निघून स्टँडवर आलो. शेजारी बांगड्या-टिकल्यांचं दुकान. मी चार रंगांची पाकिटं मागितली, नेहमीच्या आकाराची. दुकानदारानं आमच्या दोघींच्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं आणि विचारलं, "कुणाला, मावशी? सुनेला का नातीला?"

"बटणांना," अक्का म्हणाल्या.

अक्कांनी त्याच्या हातातली पाकिटं घेतली, उजव्या हातात, आणि एकेक उलटून बघितली. मग परत त्याच्या पुढ्यात ठेवली.

"ह्या लई मोठ्या हाईत. ह्या आता लगेच सुटतात. ह्याच्यापरीस बारीक दाखव, अगदी मोहरीएवढ्या असतात त्या."

"अक्का, त्या दिसायच्या तरी का आपल्याला?" मी म्हटलं.

"तू मोठ्या अक्षरात लिही. टिकलीचं मी बघते."